प्रकाशपट्ट्यांच्या साहाय्याने त्रिमितीय पृष्ठमापन : अचूकतेच्या दाव्याची चिकित्सा
(करवीरनिवासिनी अंबाबाईच्या मूर्तीच्या संदर्भात)

गोषवारा

वस्तूला स्पर्श न करता, तिच्यावर प्रकाशाच्या समांतर पट्ट्या टाकून तिच्या पृष्ठभागाचा त्रिमितीय आकार मोजण्याची पद्धती गेल्या चार दशकांत विकसित झाली आहे. उद्योग, वैद्यक व पुरावस्तू-संवर्धन या तिन्ही क्षेत्रांत तिचा स्वीकार झाला असून तिच्याविषयी 'अत्यंत अचूक' हे विशेषण सर्रास वापरले जाते. प्रस्तुत निबंधात या विशेषणाची चिकित्सा केली आहे. या पद्धतीची सूक्ष्मता निर्विवाद असली तरी अचूकता ही उपकरणाची अंगभूत संपत्ती नसून संदर्भ, अंशशोधन आणि अनिश्चिततेचे प्रामाणिक निवेदन यांतून ती प्रत्येक वेळी सिद्ध करावी लागते, असे येथे प्रतिपादन केले आहे. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीच्या झिजेचा प्रश्न हे या प्रतिपादनाचे मुख्य उदाहरण आहे.

बीजशब्द : प्रकाशपट्ट्या, कला, त्रिमितीय मापन, अंशशोधन, अनिश्चितता, मूर्तिसंवर्धन

१. प्रस्तावना

प्रकाशाने पृष्ठभाग 'वाचणे' ही कल्पना कोल्हापूरकरांना अपरिचित नाही. दरवर्षी ९, १० व ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी या दिवशी मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून गाभाऱ्यात येतात आणि अनुक्रमे देवीचे चरण, वक्षस्थळ व मुखमंडल उजळतात. या किरणोत्सवाच्या काळात किरणांचा मार्ग, त्यांतील अडथळे आणि त्यांची तीव्रता यांची निरीक्षणे स्थानिक भौतिकशास्त्राचे अध्यापक करीत आले आहेत. तिरपा प्रकाश पाषाणावरील उंचसखलपणा जितका उघड करतो तितका समोरचा प्रकाश करीत नाही, हे शिल्पकार आणि छायाचित्रकार दोघेही जाणतात. प्रकाशपट्ट्यांच्या पद्धतीने याच साध्या अनुभवाला गणिताची जोड दिली आहे.

याच मूर्तीच्या झिजेचा प्रश्न शहरात दीर्घकाळ चर्चिला गेला. तो न्यायालयापर्यंत गेला. इ. स. २०१५ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या तज्ज्ञांनी मूर्तीवर रासायनिक संवर्धनाची प्रक्रिया केली. त्यानंतर मूर्तीच्या मस्तकावरील नागचिन्हाविषयी आक्षेप घेण्यात आले. एप्रिल २०२४ मध्ये मूर्तीवर पुन्हा संवर्धन करण्यात आले. या साऱ्या चर्चेत 'मूर्ती झिजली', 'पूर्वी अमुक भाग स्पष्ट होता', 'आता तो तसा राहिला नाही' अशी विधाने वारंवार ऐकू येतात. ती श्रद्धेने व प्रामाणिकपणे केलेली आहेत यात शंका नाही. तथापि ती साक्ष या स्वरूपाची आहेत. साक्षीने वाद उभा राहतो; तो मिटण्यासाठी मापन लागते. मापनासाठी योग्य साधन म्हणून ज्या पद्धतीकडे साहजिकच बोट दाखविले जाईल, तिची चिकित्सा त्यामुळे केवळ शास्त्रीय कुतूहलाचा विषय राहत नाही.

२. पद्धतीचे तत्त्व

सपाट भिंतीवर प्रोजेक्टरने काळ्या-पांढऱ्या समांतर पट्ट्या टाकल्या तर त्या सरळ दिसतात. भिंतीऐवजी मूर्ती ठेवली आणि प्रोजेक्टरपासून काही अंतरावर, वेगळ्या कोनात असलेल्या कॅमेऱ्यातून पाहिले, तर त्याच पट्ट्या वाकलेल्या दिसतात. जेथे पृष्ठभाग उंच तेथे पट्टी एका बाजूस सरकते, जेथे खोल तेथे विरुद्ध बाजूस. हे सरकणे मोजले की उंची कळते. मूलतः हे त्रिकोणमापनच आहे. भूमापनात जे काम दोन ठाण्यांवरून केले जाते ते येथे प्रोजेक्टर आणि कॅमेरा करतात.

एक साधे गणित पाहू. मूर्तीवरील दोन लगतच्या पट्ट्यांमधील अंतर २ मि.मी. आहे आणि प्रक्षेपणाची दिशा व निरीक्षणाची दिशा यांत ३० अंशांचा कोन आहे असे समजू. पट्टी तिच्या एका पूर्ण अंतराने सरकण्यासाठी पृष्ठभागाची उंची सुमारे ३.४६ मि.मी. बदलावी लागते. पट्टीचे सरकणे तिच्या अंतराच्या शंभराव्या भागापर्यंत ओळखता आले, तर उंचीतील सुमारे ०.०३५ मि.मी., म्हणजे ३५ मायक्रॉन, इतका फरक ओळखता येईल. कोन २० अंशांचा केला तर हीच मर्यादा सुमारे ५५ मायक्रॉन होते. कोन वाढवावा तशी संवेदनक्षमता वाढते, परंतु त्याबरोबर छायेचे प्रदेशही वाढतात. नाकाच्या, हातांच्या आणि आयुधांच्या मागील भाग मग मोजलाच जात नाही. या पद्धतीत काहीही फुकट मिळत नाही याचे हे पहिले उदाहरण होय.

पट्टीचा शंभरावा भाग कसा ओळखतात? येथे फेजची, म्हणजेच कलेची संकल्पना उपयोगी पडते. पट्ट्यांची तीव्रता ज्या-वक्राप्रमाणे हळूहळू बदलणारी ठेवतात आणि तीच पट्टरचना दर वेळी चतुर्थांश अंतराने सरकवून चार छायाचित्रे घेतात. चौथ्या व दुसऱ्या छायाचित्रांतील तीव्रतांचा फरक आणि पहिल्या व तिसऱ्या छायाचित्रांतील तीव्रतांचा फरक यांच्या गुणोत्तरावरून प्रत्येक बिंदूची कला मिळते. यात त्या बिंदूचा मूळ रंग आणि खोलीतील स्थिर प्रकाश हे दोन्ही आपोआप वजा होतात. या पद्धतीचे खरे सौंदर्य येथे आहे.

३. विकासक्रमाचे अवलोकन

इ. स. १९७० मध्ये ताकासाकी यांनी मॉयरे आकृत्यांच्या आधारे वस्तूंवर समोच्चरेषा मिळविण्याची पद्धत मांडली. पाठीच्या कण्यातील वक्रता तपासण्यासाठी तिचा पुढे उपयोग झाला. मात्र तेथे रेषा डोळ्यांनी मोजाव्या लागत आणि दोन रेषांमधील भागाविषयी अंदाजच करावा लागे. इ. स. १९८३ मध्ये ताकेदा व मुतोह यांनी फुरिए रूपांतराचा वापर करून एकाच छायाचित्रातून संपूर्ण पृष्ठभागाची कला काढून दाखविली. पाठोपाठ १९८४ मध्ये श्रीनिवासन, लिऊ व हालिओवा यांनी पट्ट्या टप्प्याटप्प्याने सरकविण्याची पद्धत पृष्ठमापनास लागू केली. डिजिटल प्रोजेक्टर स्वस्त झाल्यावर या पद्धतीचा प्रसार झपाट्याने झाला.

पुरावस्तूंच्या क्षेत्रात याच कुळातील एक प्रयोग सर्वपरिचित आहे. इ. स. १९९८-९९ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या चमूने फ्लॉरेन्स येथील मायकेलअँजेलोच्या 'डेव्हिड'चे लेसर-रेषेच्या साहाय्याने मापन केले. तेथे पट्ट्यांऐवजी एकच रेषा फिरविली होती, परंतु तत्त्व त्रिकोणमापनाचेच होते. मापनबिंदू सुमारे पाव मिलिमीटर अंतरावर होते. हा आकडा पुढे अनेकदा 'अचूकता' म्हणून सांगितला जातो, आणि गैरसमजाला सुरुवात होते ती येथेच.

४. सूक्ष्मता आणि अचूकता : संकल्पनांचा गोंधळ

दोन बिंदूंमधील अंतर ही विभेदनक्षमता. तेच मापन पुन्हा केल्यावर जवळपास तेच उत्तर येणे ही पुनरावृत्तिक्षमता. उत्तर सत्य मूल्याच्या जवळ असणे ही अचूकता. ही तीन भिन्न परिमाणे आहेत. दररोज पाच मिनिटे पुढे असणारे घड्याळ सेकंदकाट्यामुळे सूक्ष्म ठरते, रोज तेवढेच पुढे असल्यामुळे पुनरावृत्तिक्षमही ठरते. अचूक मात्र ठरत नाही. प्रकाशपट्ट्यांच्या उपकरणांच्या माहितीपत्रकांत जो आकडा ठळक छापलेला असतो तो पुष्कळदा पहिल्या किंवा दुसऱ्या प्रकारचा असतो, आणि वाचणारा तो तिसऱ्या प्रकारचा समजतो.

हा गोंधळ टाळण्याची साधने उपलब्ध नाहीत असे नाही. मापनातील अनिश्चितता कशी व्यक्त करावी याचे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन १९९३ पासून आहे. पृष्ठमापनाच्या प्रकाशीय उपकरणांची चाचणी ज्ञात व्यासाचे गोल, दोन गोलांमधील ज्ञात अंतर आणि सपाट पट यांच्या साहाय्याने कशी घ्यावी याचे जर्मन मानक २००२ मध्ये आले. तरीही पुरावस्तूंच्या मापनाविषयीच्या लिखाणात रंगीत त्रिमितीय चित्रे भरपूर आणि अनिश्चिततेचे कोष्टक दुर्मीळ, अशी स्थिती अनेकदा दिसते. चित्र जितके देखणे तितका त्याच्या आकड्यांवरील विश्वास वाढतो. प्रस्तुत लेखकाच्या मते या पद्धतीचा सर्वांत मोठा धोका तिच्या उणिवांत नाही, तिच्या देखणेपणात आहे.

५. त्रुटींची उगमस्थाने आणि मूर्तीचा विशिष्ट प्रश्न

अंबाबाईची मूर्ती सुमारे तीन फूट उंचीची, काळ्या पाषाणाची आहे. चार हातांत म्हाळुंग, गदा, ढाल व पानपात्र आहे. अशा मूर्तीसमोर ही पद्धती उभी केली तर कोणत्या अडचणी येतील, याचा क्रमाने विचार करू.

(अ) काळा पृष्ठभाग. गडद पाषाण प्रकाशाचा बराचसा भाग शोषून घेतो आणि गुळगुळीत झालेल्या भागांवरून उरलेला प्रकाश आरशासारखा परावर्तित होतो. परिणामी छायाचित्रात काही भाग फार काळे व काही भाग फार पांढरे येतात. दोन्ही ठिकाणी कलेची माहिती नष्ट होते. कारखान्यात यावर पांढऱ्या भुकटीचा फवारा मारतात. नित्यपूजेतील मूर्तीवर असा उपाय अकल्पनीय आहे, आणि शास्त्रीयदृष्ट्याही तो सदोष आहे, कारण थराची जाडी मापनात मिसळते. भिन्न प्रकाशकालांची छायाचित्रे एकत्र करणे आणि ध्रुवणकारक काच वापरणे हे स्वीकार्य पर्याय आहेत. मात्र त्यांमुळे वेळ वाढतो.

(आ) लेपाचा थर. संवर्धनात वापरले जाणारे पदार्थ काही अंशी पारभासी असतील तर प्रकाश त्यांच्या आत शिरून परततो. संगमरवराच्या बाबतीत हा परिणाम सर्वज्ञात आहे. अशा वेळी उपकरण जो पृष्ठभाग दाखविते तो प्रत्यक्ष पृष्ठभागापेक्षा किंचित आत असतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, लेपानंतर मोजला जातो तो लेप, पाषाण नव्हे. संवर्धनापूर्वीचे आणि संवर्धनानंतरचे अशी दोन्ही मापने असतील तरच कोठे किती द्रव्य चढले हे सांगता येते. केवळ नंतरचे मापन कितीही सूक्ष्म असले तरी या प्रश्नावर ते मूक राहते.

(इ) खोट्या लहरी. प्रोजेक्टर आणि कॅमेरा यांचा प्रतिसाद सरळ प्रमाणात नसतो. दुप्पट संकेत दिला म्हणून दुप्पट प्रकाश पडत नाही. त्यामुळे ज्या-वक्र विकृत होतो आणि मोजलेल्या पृष्ठभागावर बारीक, समांतर लहरी उमटतात. तीन टप्प्यांच्या पद्धतीत एका पट्टीच्या रुंदीत अशा तीन लहरी दिसतात. पाषाणशिल्पावर या लहरी छिन्नीच्या खुणांसारख्या भासू शकतात. एखाद्या अभ्यासकाने त्यांवरून घडणीच्या तंत्राविषयी निष्कर्ष काढला तर तो शिल्पकाराविषयी न राहता प्रोजेक्टरविषयी असेल. यावर उपाय सोपा आहे. पट्ट्यांची दिशा नव्वद अंशांनी फिरवून मापन पुन्हा करावे. ज्या खुणा पट्ट्यांबरोबर फिरतात त्या उपकरणाच्या; ज्या जागच्या जागी राहतात त्या पाषाणाच्या.

(ई) कलेची संदिग्धता. कला एका पट्टीपुरतीच कळते. वरील उदाहरणात लगतच्या दोन बिंदूंच्या उंचीत ३.४६ मि.मी.हून मोठी उडी असेल तर आपण कोणत्या पट्टीवर आहोत हे कळत नाही. मुकुट व कपाळ, हात व धड यांच्या सीमांवर नेमके हेच घडते. पट्ट्यांना क्रमांक देणाऱ्या ग्रे-संकेताच्या किंवा भिन्न रुंदीच्या पट्टरचना वापरून ही संदिग्धता दूर करता येते. त्या वापरल्या होत्या की नाही, हे अहवालात लिहिलेले असले पाहिजे.

(उ) तापमान. समईची उष्णता आणि भाविकांची गर्दी असलेल्या गाभाऱ्यात उपकरणाचा सांगाडाही तापतो. कॅमेरा व प्रोजेक्टर यांना जोडणारा ५०० मि.मी. लांबीचा ॲल्युमिनियमचा दांडा ५ अंश सेल्सिअसने तापला तर तो जवळजवळ ०.०६ मि.मी.ने वाढतो. त्याच प्रमाणात मापाची पट्टीच बदलली, तर सुमारे ९०० मि.मी. उंचीच्या वस्तूच्या मापात ०.१ मि.मी.चा फरक पडू शकतो. झीज ज्या परिमाणात मोजावयाची त्याच परिमाणाची ही त्रुटी आहे. म्हणून ज्ञात लांबीचा, उष्णतेने अत्यल्प प्रसरण पावणारा संदर्भदांडा प्रत्येक मापनात मूर्तीशेजारी असणे आवश्यक ठरते.

६. झीज कशाच्या तुलनेत?

वरील त्रुटी कष्टसाध्य असल्या तरी दूर करता येतात. याहून गंभीर प्रश्न तुलनेचा आहे. झीज म्हणजे दोन काळांतील आकारांचा फरक. आजचे मापन व दहा वर्षांनंतरचे मापन यांची तुलना करण्यासाठी दोन्ही आकार एकमेकांवर बसवावे लागतात. हे काम संगणक करतो आणि दोन आकारांतील एकूण फरक कमीत कमी होईल अशी जुळणी निवडतो. बेस्ल व मॅके यांनी १९९२ मध्ये मांडलेली यासाठीची पद्धती आज सर्वत्र रूढ आहे.

आता कल्पना करा की मूर्तीचा संपूर्ण दर्शनी भाग सारखाच ०.२ मि.मी.ने झिजला आहे. फरक कमीत कमी करणारी जुळणी नवा आकार ०.२ मि.मी. पुढे सरकवील आणि झीज शून्य असल्याचे जाहीर करील. झीज असमान असेल तर ती सर्व भागांत वाटली जाईल; जो भाग झिजला नाही त्यावर द्रव्य वाढल्याचा आभास होईल. रंगीत नकाशा मात्र दोन्ही वेळी तितकाच सुबक दिसेल. ज्या प्रश्नासाठी मापन केले त्याच प्रश्नाचे उत्तर गणिती सोय पुसून टाकते, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

यातून एकच मार्ग निघतो. जे भाग स्पर्श, स्नान व लेप यांपासून दूर राहतात, उदाहरणार्थ पीठाच्या मागील बाजूचे भाग, तेच संदर्भ म्हणून निश्चित करावेत, जुळणी केवळ त्यांच्यावर करावी आणि दर्शनी भागातील फरक त्यानंतर वाचावा. संदर्भ कोणता निवडावा हा निर्णय संगणकाचा नसतो. त्यासाठी मूर्तीची नित्य सेवा करणाऱ्या श्रीपूजकांचे अनुभवज्ञान लागते. कोणत्या भागाला हात लागतो, कोठे वस्त्र व अलंकार बांधले जातात, कोठे पाणी साचते हे तेच सांगू शकतात. प्रस्तावनेत ज्याला साक्ष म्हटले तिचे मूल्य येथे पुन्हा प्रस्थापित होते. साक्ष ही मापनाची जागा घेऊ शकत नाही. परंतु कोठे मोजावे हे साक्षीवाचून कळत नाही.

७. तुलनेसाठी दुसरे उदाहरण : ओतकाम

हीच पद्धती शहराच्या दुसऱ्या टोकाला अगदी निराळ्या रीतीने वागते. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव व कागल येथील कारखान्यांतील बिडाच्या ओतकामाचा पृष्ठभाग करडा व निस्तेज असतो. प्रकाशपट्ट्यांना तो मानवतो. ओतीव भागावर यंत्रणासाठी काही मिलिमीटर द्रव्य राखलेले असते, त्यामुळे ०.०५ मि.मी. अनिश्चितता सहज चालते. तुलनेसाठी आराखडा असतो आणि संदर्भपृष्ठे आराखड्यातच ठरलेली असतात. भाग सदोष निघाला तर तो पुन्हा ओतता येतो.

मूर्तीच्या बाबतीत यांपैकी एकही गोष्ट नाही. आराखडा नाही, संदर्भपृष्ठ नाही, पुन्हा ओतण्याची सोय नाही. म्हणून कारखान्यात सिद्ध झालेले उपकरण गाभाऱ्यातही सिद्ध झाले असे मानणे तर्कदुष्ट आहे. अचूकतेचे प्रमाणपत्र उपकरणासोबत प्रवास करीत नाही. ते वस्तू, जागा आणि प्रश्न यांच्यासह नव्याने मिळवावे लागते.

८. काही आक्षेपांचा विचार

पहिला आक्षेप असा की, देवतेच्या मूर्तीचे मिलिमीटरमध्ये मापन करणे हे श्रद्धेशी विसंगत आहे. याला उत्तर असे की मूर्तिशास्त्र हे मुळातच तालमानाचे, म्हणजे मापांचे शास्त्र आहे. प्रकाशपट्ट्यांच्या पद्धतीत मूर्तीला स्पर्श होत नाही आणि प्रत्येक दिशेचे मापन काही सेकंदांत उरकते. तथापि वस्त्रालंकार नसताना मूर्ती कोणी पाहावी, कोणत्या वेळी पाहावी हा प्रश्न धार्मिक परंपरेचा आहे आणि त्याचा निर्णय तंत्रज्ञाने करू नये.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मूर्तीचा त्रिमितीय आकार एकदा संगणकात आला की त्यावरून हुबेहूब प्रतिकृती काढता येते. ही माहिती कोणाच्या ताब्यात राहावी, तिचा वापर कशासाठी करावा आणि कशासाठी करू नये, हे मापनापूर्वीच लेखी ठरले पाहिजे. या मुद्द्याला शास्त्रीय लिखाणात अपवादानेच स्थान मिळते, ही त्या लिखाणाची उणीव होय.

तिसरा आक्षेप : मापनाने वाद मिटतील का? काही मिटतील, काही मिटणार नाहीत. नागचिन्हासारख्या प्रश्नात एखाद्या भागाचा आकार अमुक दिवशी काय होता आणि नंतर काय झाला, एवढे मापन सांगू शकेल. तो आकार कसा असावयास हवा होता, हे ते कधीही सांगणार नाही. आकार आणि औचित्य या दोन प्रश्नांची गल्लत झाली की शास्त्रावर नसती जबाबदारी येते आणि परंपरेला नसते आव्हान दिल्यासारखे होते.

९. निष्कर्ष

१. प्रकाशपट्ट्यांची पद्धती स्पर्शविरहित, जलद व सूक्ष्म आहे. पाषाणमूर्तींच्या दीर्घकालीन निरीक्षणासाठी ती तत्त्वतः अत्यंत योग्य आहे.

२. विभेदनक्षमता, पुनरावृत्तिक्षमता आणि अचूकता यांचे आकडे स्वतंत्रपणे व अनिश्चिततेसह दिल्याखेरीज 'अचूक मापन' हा शब्दप्रयोग शास्त्रीय लिखाणात स्वीकारला जाऊ नये.

३. झिजेच्या अभ्यासात संदर्भभागांची निवड हा सर्वांत निर्णायक टप्पा आहे. सर्वांगाची सरासरी जुळणी करून काढलेली झीज विश्वसनीय मानता येत नाही.

४. कोणत्याही मूर्तीवरील संवर्धनापूर्वी आणि संवर्धनानंतर, समान पद्धतीने व संदर्भदांड्यासह मापन होणे इष्ट आहे. कच्ची छायाचित्रेही जतन व्हावीत, म्हणजे पुढील पिढीला अधिक चांगल्या गणिताने ती पुन्हा तपासता येतील.

५. या पद्धतीचा सराव प्रथम पूजेत नसलेल्या वस्तूंवर व्हावा. टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयातील ब्रह्मपुरीची पोसायडनची कांस्यमूर्ती आणि खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरावरील शिल्पे ही त्यासाठी, संबंधित विभागांच्या अनुमतीने, योग्य क्षेत्रे ठरतील. महाविद्यालयांतील भौतिकशास्त्र, संगणकशास्त्र, इतिहास व रसायनशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन करावे असे हे काम आहे. एक साधा प्रोजेक्टर, एक कॅमेरा आणि एक सपाट पट यांवर त्याची सुरुवात होऊ शकते.

किरणोत्सवात किरण कोठवर पोहोचले याची नोंद हे शहर दरवर्षी काळजीपूर्वक ठेवते. किरण ज्या पाषाणावर पोहोचतात त्याच्या आकाराचीही तितकीच काळजीपूर्वक, दिनांकासह आणि अनिश्चिततेसह नोंद ठेवली गेली, तर पुढील संवर्धनाच्या वेळी 'पूर्वी कसे होते' या प्रश्नाचे उत्तर स्मरणावर अवलंबून राहणार नाही.